आयफोनवर अ‍ॅप स्टोअरच नव्हतं तेव्हा अ‍ॅप्स चालायची कशी? आणि २००७ चा तो प्रश्न आज पुन्हा का निघालाय?

१ मार्च २०२४, शुक्रवार. भारतात गुगल प्ले स्टोअरवरून काही ओळखीची नावं एकेक करून गायब व्हायला लागली. भारत मॅट्रिमोनी, नोकरी डॉट कॉम, ९९एकर्स, कुकू एफएम. ज्यांच्या फोनमध्ये ही अ‍ॅप्स आधीपासून होती त्यांची चालू राहिली, पण नव्याने शोधायला गेलं तर सापडेना. लग्नासाठी स्थळं शोधणारे आणि नोकरी शोधणारे दोघेही एकाच दिवशी गोंधळले.

त्याच दिवशी अ‍ॅपलने युरोपमधला आपला एक निर्णय गुपचूप मागे घेतला. तिथल्या आयफोनवर होम स्क्रीनला जोडलेली वेब अ‍ॅप्स कंपनी बंद करणार होती. आता ती चालू राहतील, असं अ‍ॅपलने डेव्हलपर्सना कळवलं.

वरवर पाहिलं तर या दोन बातम्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. पण दोन्हींच्या मुळाशी प्रश्न एकच आहे. फोन तुमचा, पैसे तुमचे, मग त्यावर कोणता प्रोग्रॅम चालायचा हे ठरवणार कोण? गंमत म्हणजे आयफोन आला तेव्हा या प्रश्नाचं उत्तर 'कोणीच नाही' असं होतं. सुमारे वर्षभर आयफोनवर बाहेरच्या लोकांची जी अ‍ॅप्स अधिकृतपणे चालत होती, ती सगळी वेबवरची होती. त्यासाठी ना कोणाची परवानगी लागायची, ना कोणाला कमिशन द्यावं लागायचं.

तो काळ नेमका कसा होता आणि संपला का, हे बघितलं की आजचं भांडण समजायला सोपं जातं.

आयफोनच्या आधी काय होतं?

आयफोनच्या आधी फोनवर अ‍ॅप्स नव्हती असं अजिबात नाही. नोकियाचे सिम्बियन फोन होते, पाम होते, विंडोज मोबाइल होते. आपल्याकडे तर ज्यांनी जार फाइल्स ब्लूटूथवरून मित्राकडून घेतल्यात त्यांना हे सांगायलाच नको. गेम मित्राच्या फोनमधून आपल्या फोनमध्ये यायचा, मध्ये कुठलंही स्टोअर नाही.

फोनवरचं इंटरनेट मात्र रडतखडत चालायचं. वॅप नावाच्या तंत्रावर चालणारी, चार ओळी मजकूर आणि दोन लिंक असलेली पानं. खरी वेबसाइट फोनवर उघडणं म्हणजे शिक्षाच.

९ जानेवारी २००७ ला स्टीव्ह जॉब्सने सॅन फ्रान्सिस्कोमध्ये आयफोन दाखवला, तेव्हा त्यात सफारी ब्राउझर होता. कॉम्प्युटरवर दिसते तीच वेबसाइट फोनवर दिसायची आणि बोटांनी लहानमोठी करता यायची. पण बाहेरच्या डेव्हलपरला त्या फोनसाठी अ‍ॅप बनवायची सोय नव्हती. जे होतं ते अ‍ॅपलने दिलेलं, बाकी काही नाही.

जॉब्सला बाहेरच्या लोकांची अ‍ॅप्स नकोच होती. वॉल्टर आयझॅकसनने लिहिलेल्या त्याच्या चरित्रात हे आलंय. बाहेरचे लोक फोन बिघडवतील, व्हायरस आणतील, अशी त्याला भीती होती. कंपनीच्या संचालक मंडळातले आर्ट लेव्हिन्सन आणि मार्केटिंग सांभाळणारे फिल शिलर त्याला उलट सांगत होते, पण सुरुवातीला त्याने ऐकलं नाही.

'गोड उपाय' आणि थंड सभागृह

११ जून २००७. आयफोन बाजारात यायला तीन आठवडेही उरले नव्हते. अ‍ॅपलच्या वार्षिक डेव्हलपर परिषदेत सगळ्यांना एकाच घोषणेची वाट होती, ती म्हणजे आयफोनसाठी अ‍ॅप कसं बनवायचं. जॉब्सने भाषणाच्या शेवटी सांगितलं की त्यासाठी वेगळ्या साधनांची गरजच नाही. वेबसाइट ज्या तंत्राने बनते त्यानेच अ‍ॅप बनवा, ते सफारीत चालेल. या मार्गाला त्याने 'गोड उपाय' म्हटलं. डेव्हलपर्सना तो फारसा गोड लागला नाही. टाळ्या बेताच्याच पडल्या आणि पुढे हे दोन शब्द टोमणा म्हणूनच वापरले गेले.

मग स्कॉट फोरस्टॉलने एक नमुना दाखवला. अ‍ॅपलच्या कर्मचाऱ्यांची डिरेक्टरी, वेब अ‍ॅपच्या रूपात. नावावर बोट ठेवलं की माहिती उघडते, नंबरवर ठेवलं की फोन लागतो, पत्त्यावर ठेवलं की नकाशा येतो. आज यात काहीच विशेष वाटणार नाही. पण वेबपानावरून थेट फोन लावणं ही तेव्हा नवलाचीच गोष्ट होती.

यात जॉब्सचं म्हणणं अगदीच चुकीचं होतं असंही नाही. वेब अ‍ॅप सर्व्हरवर असतं. सुधारणा करायची तर सर्व्हरवर करा, सगळ्यांना लगेच नवी आवृत्ती मिळते. फोनच्या आतल्या फाइल्सना ते हात लावू शकत नाही, म्हणजे सुरक्षित. आणि बनवणाऱ्याला अ‍ॅपलच्या दारात उभं राहायची गरज नाही.

अडचण वेगळीच होती. पहिला आयफोन ३जी नव्हता, तो एजवर चालायचा. म्हणजे वायफायच्या बाहेर पडलात की वेब अ‍ॅप उघडायला बसून राहा. बोगद्यात, विमानात, रेंज नसलेल्या तळघरात अ‍ॅप बंद. कॅमेरा वापरता येत नाही, फोनमधले कॉन्टॅक्ट वाचता येत नाहीत. होम स्क्रीनवर आयकॉनसुद्धा नाही, बुकमार्क शोधा आणि उघडा. शेजारीच अ‍ॅपलची स्वतःची अ‍ॅप्स मात्र लोण्यासारखी सरकत होती. त्यामुळे तुलना रोजच्या रोज व्हायची.

एक पिक्सेल आणि ३०० मिलिसेकंद

तरीही लोक कामाला लागले. फोन २९ जूनला अमेरिकेत विक्रीला आला आणि जुलैच्या पहिल्याच आठवड्यात सॅन फ्रान्सिस्कोमध्ये आयफोन डेव्हकॅम्प नावाचा मेळावा भरला. तिथल्या धडपडीतून जे जुगाड निघाले, त्यातले काही भन्नाट आहेत.

पहिला जुगाड अ‍ॅड्रेस बारचा. आयफोनची स्क्रीन ३२० बाय ४८० पिक्सेलची. त्यात वर पत्त्याची पट्टी आणि खाली बटणांची पट्टी, म्हणजे अ‍ॅपला जागा उरणार किती? मग कोणाच्या तरी लक्षात आलं की पान जरा वर सरकलं की पत्त्याची पट्टी आपोआप निघून जाते. झालं. पान उघडताक्षणी ते एक पिक्सेल सरकवायची एका ओळीची आज्ञा लिहायची, की पट्टी गायब आणि अ‍ॅप 'खरं' वाटायला लागतं. कित्येक वर्षं असंख्य मोबाइल साइट्समध्ये ही ओळ कॉपी-पेस्ट होत राहिली.

दुसरी डोकेदुखी बोटाची. सफारीत दोनदा टॅप केलं की पान मोठं व्हायचं. त्यामुळे एकदा टॅप केल्यावर ब्राउझर साधारण ३०० मिलिसेकंद थांबायचा, दुसरा टॅप येतोय का हे बघायला. सेकंदाचा तिसरा हिस्सा म्हणजे काही फार नाही, असं वाटेल. पण कॅल्क्युलेटरचं प्रत्येक बटण एवढं अडखळलं तर? वेब अ‍ॅप्स 'स्लो' असतात ही जी बदनामी झाली, तिला नेटवर्कइतकाच हा थांबाही कारणीभूत होता.

तिसरी गोष्ट आजही तुमच्या आसपास आहे. सफारी कुठलंही पान ९८० पिक्सेल रुंद समजून मांडायचा आणि मग छोट्या स्क्रीनवर आक्रसून दाखवायचा. ते टाळण्यासाठी अ‍ॅपलने पानाच्या सुरुवातीला लिहायची एक सूचना काढली, व्ह्यूपोर्ट नावाची. ब्राउझरला ती सांगते की फोनच्या रुंदीएवढंच पान मांड. आज फोनवर नीट दिसणाऱ्या जवळपास प्रत्येक वेबसाइटच्या आत ही ओळ असते. 'गोड उपाय' फसला असेल, पण त्याची ही खूण मात्र जगभर पसरली.

या सगळ्यात एक नाव लक्षात ठेवा, जो ह्यूइट. फायरफॉक्स ब्राउझरच्या सुरुवातीच्या शिलेदारांपैकी एक. त्याने आययूआय नावाचा तयार कोड सगळ्यांसाठी मोफत ठेवला. तो वापरला की वेबपान आयफोनच्या अ‍ॅपसारखं दिसायचं, तशाच याद्या, तशीच सरकणारी पानं. त्यानंतर ऑगस्ट २००७ मध्ये त्याने फेसबुकची आयफोनसाठीची वेब आवृत्ती बनवली. त्या काळातल्या सगळ्यात गाजलेल्या वेब अ‍ॅप्समध्ये तिचं नाव घेतलं जातं.

मग बिनसलं कुठे?

एकीकडे हे चालू असताना दुसरीकडे हॅकर मंडळींनी आयफोनचं कुलूप तोडलं. जेलब्रेक केलेल्या फोनवर थेट फोनमध्ये बसणारी अ‍ॅप्स चालायला लागली, आणि ती वेब अ‍ॅप्सपेक्षा सरस होती हे उघड दिसत होतं. म्हणजे लोकांना काय हवंय ते अ‍ॅपलला अ‍ॅपलच्याच फोनवर, पण अ‍ॅपलच्या परवानगीशिवाय दिसलं.

१७ ऑक्टोबर २००७ ला जॉब्सने जाहीर पत्र लिहून सांगितलं की डेव्हलपर्सना अ‍ॅप बनवायची साधनं देणार. खुलेपणा आणि सुरक्षितता दोन्ही साधायचं असल्याने वेळ लागतोय, असं त्याचं म्हणणं. नोकिया आपल्या काही फोनवर डिजिटल सहीशिवाय अ‍ॅप चालू देत नाही, याचा दाखलाही त्याने दिला. पुढे जे आलं त्याची चाहूल इथेच लागत होती. अ‍ॅप्स येणार, पण सही अ‍ॅपलची असणार.

जानेवारी २००८ मध्ये वेब अ‍ॅप्सना अखेर होम स्क्रीनवर आयकॉन मिळाला. तोवर वरात पुढे गेली होती. मार्चमध्ये साधनं आली आणि १० जुलै २००८ ला अ‍ॅप स्टोअर उघडलं. सुरुवातीला ५०० च्या आसपास अ‍ॅप्स. पहिल्या शनिवार-रविवारपर्यंतच एक कोटी डाउनलोड झाल्याचं अ‍ॅपलने जाहीर केलं. पैशांची वाटणी ठरली होती, १०० रुपयांमागे ७० बनवणाऱ्याला, ३० अ‍ॅपलला.

भारतात आयफोन आला २२ ऑगस्ट २००८ ला, एअरटेल आणि व्होडाफोनकडून, ८ जीबीचा फोन ३१ हजार रुपयांना. नाव आयफोन ३जी, आणि देशात ३जी सेवाच सुरू झालेली नव्हती, ते सोडा. मुद्दा हा की आपल्याकडे अधिकृत आयफोन पोचला तेव्हा स्टोअर आधीच उघडलं होतं. त्यामुळे 'अ‍ॅप म्हणजे स्टोअरमधून घ्यायची वस्तू' हेच समीकरण इथे पहिल्यापासून पक्कं झालं.

स्टोअर जिंकलं यात फसवाफसवी काही नव्हती. गेम्स वेगात चालायचे, नेट नसताना अ‍ॅप उघडायचं, पैसे भरणं एका बटणावर आलं होतं. आणि गॅरेजमध्ये बसलेल्या एकट्या डेव्हलपरला जगभरातलं गिऱ्हाईक मिळत होतं. वेबकडे तेव्हा याला उत्तर नव्हतं.

पण दारावर वॉचमन बसला की तो कधी ना कधी अडवणारच. अ‍ॅपलने २००९ मध्ये गुगल व्हॉइसचं अ‍ॅप स्टोअरमध्ये घेतलं नाही. गुगलने जानेवारी २०१० मध्ये तीच सेवा वेब अ‍ॅप म्हणून आयफोनवर आणली. आणि जो ह्यूइट? स्टोअर आल्यावर त्याने फेसबुकचं आयफोन अ‍ॅप बनवलं, ते तुफान चाललं. तरी नोव्हेंबर २००९ मध्ये त्याने ते काम सोडलं. अ‍ॅप कसं असावं हे आधी अ‍ॅपलने तपासायचं, ही पद्धतच त्याला तत्त्वतः मान्य नव्हती.

फायनान्शियल टाइम्सचा हिशेब

या वादात पैसा नेमका कुठे येतो हे बघायचं तर २०११ मधलं फायनान्शियल टाइम्स हे सगळ्यात स्वच्छ उदाहरण आहे. अ‍ॅपलने नियम केला की अ‍ॅपमधून वर्गणी विकायची तर ३० टक्के द्यायचे, आणि व्यवहार अ‍ॅपलमार्फत होणार. वृत्तपत्राला ३० टक्क्यांपेक्षा दुसरी गोष्ट जास्त खुपली. वर्गणीदार कोण आहे याची माहिती अ‍ॅपलकडे राहणार होती. आपला वाचक कोण, हेच वृत्तपत्राला कळणार नाही. त्यांनी जूनमध्ये वेब अ‍ॅप काढलं, आणि ऑगस्टमध्ये त्यांचं जुनं अ‍ॅप स्टोअरमधून गेलं.

वेबचा रस्ता सगळ्यांनाच फळला नाही. पामने तर २००९ मध्ये अख्खा फोनच वेब तंत्रावर उभा केला. तो फोन संपला, त्यातली वेबओएस मात्र आज एलजीच्या टीव्हीत आहे. फेसबुकनेही आयफोन अ‍ॅपच्या आत वेबपानं भरून पाहिली, ते रडतखडत चाललं, आणि सप्टेंबर २०१२ मध्ये मार्क झुकरबर्गने जाहीरपणे मान्य केलं की वेबवर इतका भर देणं ही कंपनीची मोठी चूक होती.

भारताने मात्र वेबला परत बोलावलं

२०१५ साली फ्लिपकार्टने मोबाइल वेबसाइट बंद केली. फोनवरून खरेदी करायची तर अ‍ॅप घ्याच. मिंत्राने तर मे महिन्यात सगळंच अ‍ॅपवर नेलं. पण भारतातल्या फोनमध्ये जागा कमी, नेट महाग, त्यात दोन वस्तू बघायला अख्खं अ‍ॅप कोण उतरवणार? नोव्हेंबरमध्ये फ्लिपकार्टला माघार घ्यावी लागली आणि त्यांनी 'फ्लिपकार्ट लाइट' आणलं. ब्राउझरमध्ये उघडणारं, होम स्क्रीनवर बसणारं आणि नेट गेलं तरी लगेच न मरणारं. अशा वेब अ‍ॅप्सना त्याच वर्षी प्रोग्रेसिव्ह वेब अ‍ॅप हे नाव मिळालं होतं, आणि फ्लिपकार्टचं उदाहरण पुढे जगभर दिलं गेलं.

मोठं उदाहरण त्याहून साधं आहे. २०२१ मध्ये कोट्यवधी लोकांनी लशीचा स्लॉट कुठून बुक केला? कोविनच्या वेबसाइटवरून. प्ले स्टोअरवर कोविनचं अ‍ॅप दिसत होतं, पण ते सामान्य लोकांसाठी नाहीच, वेबसाइट किंवा आरोग्य सेतू वापरा, असं सरकारला सांगावं लागलं होतं.

तर मग त्या १ मार्चला काय झालं?

आधी युरोप. डिजिटल मार्केट्स अ‍ॅक्ट या कायद्याने अ‍ॅपलवर सक्ती आली की आयफोनवर इतर कंपन्यांचं ब्राउझर इंजिनही चालू द्या. तोवर आयफोनवर क्रोम घ्या नाहीतर फायरफॉक्स, आत इंजिन अ‍ॅपलचंच. म्हणजे आयफोनवर वेब अ‍ॅपला काय जमेल आणि काय नाही, हेही अ‍ॅपलच ठरवत होतं. वेब अ‍ॅपला नोटिफिकेशन पाठवायची सोय अँड्रॉइडच्या क्रोममध्ये २०१५ ला आली, आयफोनवर त्यासाठी मार्च २०२३ उजाडलं.

कायदा लागू व्हायच्या तोंडावर अ‍ॅपलने सांगितलं की बाहेरची इंजिनं आल्यावर वेब अ‍ॅप्स सुरक्षित ठेवायला नवी रचना लागेल, ती वापरणारे लोक कमी आहेत, म्हणून युरोपमध्ये ती सोयच काढतो. त्यानंतर होम स्क्रीनवरचं वेब अ‍ॅप म्हणजे नुसता बुकमार्क उरला असता. हजारो डेव्हलपर्सनी खुल्या पत्रावर सह्या केल्या, युरोपियन कमिशनने चौकशी सुरू केली आणि अ‍ॅपल मागे हटलं. अट एवढीच की ही अ‍ॅप्स अ‍ॅपलच्याच इंजिनवर चालतील. ज्या गोष्टीला २००७ मध्ये कंपनी गोड उपाय म्हणत होती, तीच आता तिला धोक्याची वाटत होती.

आता भारत. प्ले स्टोअरवरून कोणी डिजिटल वस्तू विकली, म्हणजे मेंबरशिप, ऑडिओ मालिकांची वर्गणी वगैरे, तर गुगल त्यावर शुल्क घेतं. वर्षाच्या पहिल्या दहा लाख डॉलरच्या कमाईवर १५ टक्के, त्यापुढे साधारणपणे ३० टक्क्यांपर्यंत. तुम्ही फ्लिपकार्टवरून चप्पल घेतली तर हे लागत नाही. म्हणून हा वाद विवाहस्थळं आणि ओटीटीवाल्यांचा जास्त आहे. दहा कंपन्या हे शुल्क भरत नाहीत असं म्हणत गुगलने कारवाई केली. कंपन्यांना सुप्रीम कोर्टात अंतरिम दिलासा मिळाला नव्हता. शेवटी केंद्रीय मंत्री अश्विनी वैष्णव यांनी दोन्ही बाजूंना बोलावलं आणि काही दिवसांत अ‍ॅप्स परत आली.

इथे एक गोष्ट बातम्यांमध्ये हरवली. त्या दिवशी यातल्या कंपन्यांच्या वेबसाइट चालूच होत्या. नोकरी डॉट कॉमवर ब्राउझरमधून जाता येत होतं, स्थळंही बघता येत होती. तरी कंपन्यांचा जीव टांगणीला लागला, कारण लोक आता वेबसाइटचा पत्ता टाइप करत नाहीत, स्टोअरमध्ये नाव शोधतात. रस्ता खुला आहे, पण त्यावरून जायची सवय मोडली आहे. कंपन्यांनीही ती स्वतःच मोडली, वेबसाइट उघडली की 'अ‍ॅपमध्ये बघा'चा फलक तोंडावर मारून.

पण वॉचमन नसला तर चोर नाही का शिरणार?

हा प्रश्न रास्त आहे. बँकेसारखं हुबेहूब दिसणारं खोटं वेबपान बनवायला कोणाची परवानगी लागत नाही, आणि अशा पानांवर लोक रोज फसतात. स्टोअरमध्ये निदान कोणीतरी तपासतं. पण सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार, सप्टेंबर २०२२ ते ऑगस्ट २०२३ या काळात गुगलने २,२०० हून जास्त कर्जाची अ‍ॅप्स प्ले स्टोअरवरून काढली. म्हणजे ती आधी तपासणीतून आत आली होती. शिवाय वेब अ‍ॅप ब्राउझरच्या चौकटीत अडकलेलं असतं. लोकांना छळणाऱ्या कर्जाच्या अ‍ॅप्सनी हत्यार केलं ते फोनमधले कॉन्टॅक्ट आणि फोटो. ते सगळंच्या सगळं गुपचूप उचलणं वेबपानाला जमत नाही. तेव्हा सुरक्षेचं कारण खरं आहे, पण अर्धंच. उरलेला अर्धा भाग त्या ३० टक्क्यांचा आहे.

हा भाग किती मोठा, ते एपिक गेम्सच्या प्रकरणात दिसलं. ऑगस्ट २०२० मध्ये फोर्टनाइटने गेममध्ये थेट पैसे घ्यायची सोय केली आणि अ‍ॅपलने गेमच स्टोअरमधून काढला. मे २०२२ मध्ये तो आयफोनवर परत आला, तो मायक्रोसॉफ्टच्या क्लाउड सेवेतून, सफारीमध्ये. स्टोअरने बाहेर काढलेला गेम ब्राउझरच्या खिडकीतून आत.

भारतात स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये प्ले स्टोअरच्या बिलिंग धोरणावरून गुगलला ९३६.४४ कोटींचा दंड केला होता. मार्च २०२५ मध्ये अपील न्यायाधिकरणाने गुगलचा गैरवापराचा दोष काही मुद्द्यांवर कायम ठेवत दंड २१६.६९ कोटींवर आणला.

दरम्यान, तो जुना रस्ता तुमच्या फोनमध्ये आजही आहे. आयफोनच्या सफारीत शेअरच्या बटणाखाली आणि अँड्रॉइडच्या क्रोममध्ये तीन टिंबांखाली 'होम स्क्रीनवर जोडा' असा पर्याय असतो. मेन्यूत बराच खाली सरकलात की सापडतो.